उंटाचं बक्षीस

२१ ऑगस्ट, सोमवार

आज कुलसचिवांनी बोलावून स्वागत सप्ताह माझ्या गळ्यात मारला. इतकी वर्षं तो सांभाळणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि विद्यार्थी कल्याण विभागात आता माझ्याशिवाय उरलंय कोण? नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात विद्यापीठ दाखवायचं. वर्ग कुठे, दवाखाना कुठे, वसतिगृहात गरम पाणी केव्हा येतं आणि घरची आठवण आली तर कुणाचं दार वाजवायचं. हे दाखवतात वरच्या वर्गातली मुलं, स्वखुशीने. त्यांना इथे 'सोबती' म्हणतात. आठवडा संपला की त्यांच्यातला एक उत्कृष्ट सोबती निवडायचा आणि भर सभागृहात त्याचा सत्कार करायचा.

"निवड चोख हवी," कुलसचिव म्हणाले. "गेल्या वर्षी फार कुरबुरी झाल्या."

मी म्हटलं, बघते. बघते म्हणजे नक्की काय करणार, ते मलाही माहीत नाही. डोक्यात गोंधळ झाला की मी लिहायला बसते, म्हणून बसले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. चष्म्याचं दुकान चालवून चालवून ह्यांना माणसाकडे नाकावरून बघायची सवय लागली आहे. तसंच बघत म्हणाले, तू शिस्तीची आहेस, करशील. मग हळूच, तिकडे फोन केलास का? तिकडे म्हणजे आमच्या चिरंजीवांकडे. नाही केला. तिसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले, नुसते दोन, तेवढ्यावर इंजिनिअरिंग सोडून हे महाशय गावाच्या दुसऱ्या टोकाला सायकली दुरुस्त करतात. राहिलेले विषय काढता येतात. हात टेकले की मात्र संपलं. असो. सप्ताहाबद्दल लिहायला बसले होते.

२८ ऑगस्ट, सोमवार

सोबत्यांची पहिली बैठक. खोलीत शिरले तर बाजार भरल्यासारखा गलका. दोघं लगेच डोळ्यांत भरली.

एक मुलगी, तिला सगळे 'घड्याळ' म्हणतात. बैठक सुरू व्हायच्या आधी तिने खुर्च्या सरळ केल्या, फळा पुसला आणि माझ्या हातात दिवसाचं वेळापत्रक ठेवलं. माझ्या वेळापत्रकापेक्षा ते चांगलं होतं. आणि दुसरा 'उंट'. उंच, मान पुढे, चालताना वरचं धड आधी पोहोचतं, पाय मागून. तोंडाचा पट्टा अखंड सुरू. मी सुरक्षेबद्दल बोलत असताना हा काहीतरी पुटपुटला आणि मागची अख्खी रांग हसली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "काही नाही मॅडम, उंटाच्या पाठीवर अजून एक सूचना ठेवली एवढंच."

हसू आलं, दाबलं. पण बक्षीस कुणाचं ते मनात आजच ठरलं. घड्याळ. काही मुलं पाहताच कळतं, ही कुठे चुकायची नाहीत.

ह्यांची सायकल हल्ली वरचेवर बिघडते. आज परत दुरुस्तीला नेली. नवीन घ्या म्हटलं तर म्हणाले, जुनी बरी आहे.

४ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस निभावला. फाटकापाशी पालक, पेट्या, उशा, एकीच्या हातात तर कुंडी. सोबती निळ्या टोप्या घालून उभे. उंटाच्या गटातली मुलं जेवणापर्यंत खोखो हसत होती. घड्याळाचा गट प्रत्येक ठिकाणी वेळेच्या आधी. पाय सुजले आहेत, पण मन हलकं आहे. वाटतंय, जमेल.

५ सप्टेंबर, मंगळवार

लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

दुपारी गट ग्रंथालयाच्या तळघरात जातात. तिथे जुने नकाशे ठेवले आहेत. उंटाच्या गटात एक मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही. समोरच्याच्या ओठांवरून ओळखते, बोलते स्वच्छ, थोडी सावकाश. उंट पुढे चालत, पाठमोरा, गमती सांगत. पाठमोऱ्या माणसाचे ओठ कुठून दिसणार? ती एका कपाटाआड नकाशा बघत राहिली. उंट "चला" म्हणाला, गट निघाला, दार आपोआप लागलं. ते आतून ग्रंथालयाच्या कार्डानेच उघडतं आणि नव्या मुलांना अजून कार्डं दिलेली नाहीत. तिथले दिवेही थोड्या वेळाने आपोआप जातात, बटण दाराबाहेर, आणि फोनला रेंज नाही.

जेवणघरात चहाच्या वेळी एक खुर्ची रिकामी राहिली तेव्हा उंटाच्या लक्षात आलं. तो धापा टाकत माझ्या खोलीत आला. बरोबर त्याचा एक मित्र होता, तो म्हणत होता, गेली असेल ती स्वतःच कुठेतरी, आधीच कशाला गाजावाजा? उंटाने त्याला हाताने बाजूला केलं.

"मॅडम, माझ्या गटातली मुलगी राहिली. मी वळून बघितलं नाही."

आम्ही पळालो. माझे गुडघे असे आहेत की एरवी मी बससाठीसुद्धा पळत नाही. ग्रंथपालांनी दार उघडलं. आत काळोख आणि काळोखात मोबाईलचा उजेड थेट दारावर रोखलेला. येणाऱ्याचं तोंड दिसावं म्हणून. ती जमिनीवर बसली होती, कपाटाला पाठ लावून. दुपार अर्धी उलटून गेली होती. रडली नव्हती.

उंट तिच्यासमोर फरशीवर बसला, तिला तोंड दिसेल असा, आणि म्हणाला, "मी तुला विसरलो."

'तू राहिलीस' नाही म्हणाला. हे माझ्या डोक्यातून का जात नाही कोण जाणे.

६ सप्टेंबर, बुधवार

सकाळीच मुलीचे वडील आले. बेकरी आहे त्यांची. रात्रपाळीवरून तसेच निघालेले, बाह्यांना पीठ. तिची बॅग भरून न्यायलाच आले होते. मी कार्यालयीन भाषेत सुरुवात केली, काल घडलेला दुर्दैवी प्रकार वगैरे. त्यांनी मध्येच विचारलं, कुणाच्या हातून?

उंट बाहेर बाकावर बसून होता, मी बोलावलं नव्हतं. आत आला आणि म्हणाला, "काका, माझ्या हातून."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "माझ्या मुलीला ऐकू येत नाही, पण ती आजवर कधी हरवली नव्हती. पहिल्यांदा हरवली ती इथे." मुलगी त्यांच्या शेजारीच बसली होती. शेवटी मुलगीच म्हणाली की शनिवारपर्यंत राहीन, मग ठरवू. वडिलांनी बॅग तशीच भरून दाराशी ठेवायला सांगितली आणि गेले.

मी उंटाला गटातून काढलं. आता तो मंडपात खुर्च्या लावतो. चूक झाली की किंमत मोजावी लागते. चिरंजीव निकाल घेऊन आले तेव्हा त्यांनाही मी हेच सांगितलं होतं.

जेवताना ह्यांना सगळी हकिकत सांगितली. ह्यांनी विचारलं, "पोरगा आपणहून सांगायला आला?"

"हो."

"आणि सांगायला आला तेव्हा तू काय केलंस?"

मी म्हटलं, खुर्च्या उचलायला पाठवला. हे ताट उचलून आत गेले. उंटाची ह्यांना एवढी काळजी कशाला? ओळख ना पाळख.

७ सप्टेंबर, गुरुवार

आज ती मुलगी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मी तिच्याशी मोठ्याने, तोडून तोडून बोलू लागले.

ती म्हणाली, "मोठ्याने नको. माझ्याकडे बघून बोला."

मी कागदांत बघून बोलत होते. कागद बाजूला ठेवले. मग तिने मुद्दा मांडला. उंटाच्या जागी दिलेला मुलगा तिला काचेच्या बरणीसारखं जपतो. पायरी आली की हात धरतो, दार आलं की थांबवतो, आणि घाबरून तिच्याशी बोलतच नाही. "शिक्षा तुम्ही त्याला दिलीत, भोगते मी," ती म्हणाली. "काय चुकतं हे आता इथे एकालाच माहीत झालंय. आणि त्यालाच तुम्ही खुर्च्यांवर ठेवलंय."

मी म्हटलं, तुला राग नाही त्याचा? म्हणाली, आहे की. राग आहे म्हणूनच त्याने नीट करून दाखवायला हवं, खुर्च्या लावून माझं काय भलं होणार?

मी मंडपात गेले. उंट खुर्च्यांच्या उतरंडीवर बसला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, मॅडम, एक सुचलंय. पुढचा माणूस पुढेच बघणार. म्हणून शेवटीही एक सोबती हवा. सगळे आले असं त्याने हात वर करून सांगितल्याशिवाय पुढच्याने पाऊल टाकायचं नाही. त्या माणसाला त्याने नावही ठेवलं होतं, 'शेपूट'. आणि बोलणाऱ्याने कायम वळून, थांबून बोलायचं. चालता चालता गमती बंद.

मी म्हटलं, उद्यापासून गटात परत ये. पण पुढे नाही.

"पुढे नकोच होतं, मॅडम."

८ सप्टेंबर, शुक्रवार

शेपूट सगळ्या गटांना लावलं. कुरकूर झाली. सगळ्यांत जास्त घड्याळाची. वेळापत्रकाची वाट लागेल, म्हणाली. आणि खरंच तिचा गट दुपारी चक्क उशिरा आला, आयुष्यात पहिल्यांदा असेल. मी विचारलं तर म्हणाली, शेपटाचा हात वर होईना म्हणून मागे गेले. एक मुलगा जिन्यात बसून रडत होता. सोमवारपासून रोज तिथे थांबायचा म्हणे, गट पुढे गेला की मागून येऊन मिसळायचा. कुणाला कळलंच नव्हतं.

"आधीच्या दिवसांत मी वेळेवर पोहोचत होते," घड्याळ म्हणाली, "त्याला सोडून." मी तिला चहा पाजला.

९ सप्टेंबर, शनिवार

बेकरीवाले वडील आले. मी त्यांना फाटकापाशीच गाठलं. तेवढ्यात समोरच्या उतारावरून उंटाचा गट आला. उंट रांगेच्या मधे कुठेतरी होता आणि सगळ्यांत मागे, एकटी, त्यांची मुलगी. म्हटलं, आता हे विचारणार, परत मागे टाकलीत?

विचारलंच. "ती शेवटी का?"

मी घाईघाईने शेपटाचं समजावून सांगितलं. आज तिने हट्टाने ते काम मागून घेतलं होतं, हेही सांगितलं. गट चौकात थांबला. पुढचा मुलगा वळून तिच्याकडे बघत राहिला, सगळेच बघत राहिले. तिने मागचा रस्ता नजरेखालून घातला, एकाला बुटाची नाडी बांधू दिली आणि मग हात वर केला. गट हलला.

वडील म्हणाले, "म्हणजे हिने हात वर केल्याशिवाय कुणी हलत नाही?"

"कुणी नाही."

ते गटाच्या मागोमाग गेले. मग मुलीला भेटले, पावाची पिशवी दिली आणि स्टेशनकडे गेले. बॅग न घेता.

१३ सप्टेंबर, बुधवार

निवड समिती. कुलसचिव, भूगोलाच्या प्राध्यापिका आणि मी. घड्याळाचं नाव मीच सुचवायचं ठरवलं होतं. सुचवलंही. दोघांनी माना हलवल्या. तिथेच गप्प बसले असते तर चहा गरम असतानाच बैठक संपली असती. पण माझ्या तोंडून उंटाचं नाव निघालं.

कुलसचिवांनी चष्मा काढला. म्हणाले, "ज्याने मुलगी हरवली त्याला बक्षीस? उद्या सगळे एकेक मुलगा हरवून येतील."

प्राध्यापिका हसल्या. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, न चुकलेली मुलं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण चुकल्यावर पळून न जाता तिथेच उभं राहायला जास्त बळ लागतं. तो दार वाजवून आत आला, म्हणाला माझ्या हातून झालं, आणि आपण त्याला काय दिलं? दार दाखवलं. एवढ्या वयाच्या पोराने खरं सांगितलं तर ते ऐकून घ्यायला कुणी मोठं माणूस नको का?

आवाज चढला असावा, कारण प्राध्यापिकांनी माझ्याकडे पाण्याचा पेला सरकवला. कुलसचिव नरमले. म्हणाले, ठीक आहे, दोघांना विभागून देऊ, तुम्ही इतकं म्हणताय तर.

घरी येईपर्यंत स्वतःलाच विचारत होते. उंट माझा कोण लागतो? ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "हेच सगळं तू बोललीस? अगदी असंच?" मी म्हटलं, शब्दन् शब्द. तर चष्मा पुसत बसले. स्वच्छच होता.

१४ सप्टेंबर, गुरुवार

उंटाला बोलावून सांगितलं. वाटलं होतं, नाचेल. तो खुर्चीच्या टोकावर बसून मान हलवायला लागला. नको म्हणाला.

मी म्हटलं, फार मोठेपणा करू नकोस.

"मोठेपणा नाही, मॅडम. व्यासपीठावर माझं नाव घेतलं की का दिलं ते सांगावं लागेल. मग ती सगळ्यांची 'तळघरातली मुलगी' होणार. चार वर्षं. आत्ता ती फक्त शेपूट म्हणून माहीत आहे सगळ्यांना. तेच राहू दे."

हे मला सुचायला हवं होतं. समितीत मी एवढं तावातावाने बोलले, पण त्या मुलीचा विचार मनात आलाच नव्हता. मी त्याला म्हटलं, मग तुझ्यासाठी काय करू? तो म्हणाला, पुढच्या वर्षी सोबत्यांना शिकवायला मला ठेवा. चुकायचं कसं नाही ते कुणीही शिकवेल. चुकल्यावर काय करायचं ते मी शिकवतो.

जागच्या जागी पत्र टाईप करून दिलं. त्याने घडी घालून खिशात ठेवलं आणि दारात कपाळ आपटून बाहेर गेला. आमची दारं उंटांसाठी केलेली नाहीत.

१८ सप्टेंबर, सोमवार

सत्कार झाला. उत्कृष्ट सोबती घड्याळ. तिने मानचिन्ह घेतलं आणि माईकवर म्हणाली की मी एकदाच उशिरा आले, तो दिवस मला सगळ्यांत जास्त आवडला. बस, एवढंच बोलून खाली उतरली.

मग मी माईक घेतला. कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं, कुलसचिवांच्या भुवया वर गेल्या. मी म्हटलं, ज्यांनी ज्यांनी या सप्ताहात शेपूट म्हणून काम केलं, त्यांनी जागेवर उभं राहावं. खुर्च्या वाजल्या. इकडे एक, तिकडे दोन, मागच्या रांगेत उंट, आणि सगळ्यांत शेवटी, इकडेतिकडे बघत, ती मुलगी.

कुलसचिव माझ्या कानाशी म्हणाले, ती तर नवी विद्यार्थिनी ना? मी म्हटलं, पुढच्या वर्षीची सोबती आहे, सकाळीच नाव देऊन गेली.

टाळ्या सुरू झाल्या. त्या तिला कशा कळणार, हे माझ्या डोक्यात येईपर्यंत उंटाने दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवायला सुरुवात केली होती. त्याचे हात म्हणजे ताडाची झाडं, सगळ्या सभागृहाला दिसले. शेजारच्याने केलं, मग रांगेने, मग पुढच्या रांगांनी वळून. आवाज थांबला आणि हातच हात झाले. मुलगी आधी बावरली. मग हसली आणि तिनेही हात वर केले. कुलसचिवांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यांनीही केले, खांद्यापर्यंतच, पण केले.

२४ सप्टेंबर, रविवार

आज सुट्टी. सकाळी भाजी निवडली, कपडे वाळत घातले, आणि दुपारी काही काम नसताना बसमध्ये बसले. शेवटच्या थांब्यापर्यंत. ह्यांनाही सांगितलं नव्हतं.

चिरंजीवांचं दुकान मी कधी पाहिलं नव्हतं. गल्लीच्या कोपऱ्यावर आहे, वर टायर टांगलेले, आत ग्रीसचा वास, पण जमीन झाडलेली. तो उलट्या ठेवलेल्या सायकलीवर वाकला होता. मला बघून उभा राहिला. पाना हातात तसाच. वाळलाय थोडा. म्हणाला, "बाबा बरे आहेत ना?" म्हणजे काहीतरी वाईट झाल्याशिवाय मी येणार नाही, असंच त्याने धरलेलं.

मी म्हटलं, सगळं बरं आहे. अशीच आले.

त्याने स्टूल पुसून दिलं. मग दोघांनाही बोलायला काही सुचेना. फोनवर असं झालं की मी परीक्षेचा विषय काढते. आजही जिभेवर आला होता. मी विचारलं, काय करतोयस?

चाकाचा आउट काढतोय, म्हणाला. म्हणजे चाक लंगडतं, फिरताना डावी-उजवीकडे जातं, ते सरळ करायचं. त्याने चाक फिरवून दाखवलं. मला काही दिसलं नाही. "नीट बघ, ब्रेकच्या रबराजवळ," म्हणाला. मग दिसलं. केसभर इकडे, केसभर तिकडे. एक तार आवळली की समोरची सैल करावी लागते, बळ लावून काही होत नाही, कान देऊन करायचं. बोलता बोलता त्याचा चेहरा मोकळा होत गेला. असा तो किती दिवसांत दिसला नव्हता. की मी बघितलं नव्हतं, देव जाणे.

"तू करून बघतेस?"

मी पाना घेतला. त्याने दाखवलेली तार आवळली, चाक फिरवलं. आधीपेक्षा जास्त लंगडायला लागलं. मी पाना खाली ठेवायला गेले. म्हटलं, बिघडवून ठेवलं बघ, गिऱ्हाईक ओरडेल तुझ्यावर.

त्याने पाना परत माझ्या हातात दिला.

"चुकू दे गं, आई. परत फिरव."

मी परत फिरवलं.